जाताना एक तास, येताना एक तास बारा मिनिटं, मग विमानाचा वेग किती?

समजा नाशिकच्या ओझर विमानतळावरून सकाळी उडालेलं एक विमान नागपूरला बरोबर एका तासात पोचलं आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत यायला त्याला एक तास बारा मिनिटं लागली. दिवसभर वारा सारखाच, पश्चिमेकडून पूर्वेकडे. नाशिक-नागपूर हवाई अंतर ढोबळमानाने ५४० किलोमीटर धरू, टेकऑफ-लँडिंगची भानगड सध्या बाजूला ठेवू. तर विमानाचा स्वतःचा वेग किती आणि वाऱ्याचा किती?

दहावीच्या मुलांना हे गणित दोन चलांच्या समीकरणात भेटतं, एमपीएससीवाल्यांना नाव आणि प्रवाह म्हणून भेटतं, आणि दोन्हीकडे पुष्कळ जण एकाच ठिकाणी घसरतात. ते काय करतात, तर दोन वेळांची सरासरी काढतात. ६० आणि ७२ ची सरासरी ६६ मिनिटं, म्हणजे वारा नसता तर ६६ मिनिटं लागली असती, म्हणून ५४० भागिले १.१ तास, आलं ४९१ च्या आसपास. दिसायला एकदम सरळ. पण उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकलं हे कळलं की बाकी सगळं आपोआप सुटत जातं, म्हणून मी तिथेच जरा जास्त वेळ घालवणार आहे.

आधी हे पक्कं करून घेऊ की विमानाला जमीन माहीतच नसते. त्याचं सगळं नातं हवेशी. पंखांवरून हवा किती जोरात जातेय त्यावर ते तरंगतं, इंजिन हवेलाच मागे ढकलतं, आणि विमानाच्या नाकाजवळ पुढे तोंड करून बसवलेली ती छोटीशी नळी, पिटो ट्यूब म्हणतात तिला, तीसुद्धा समोरून येणाऱ्या हवेचा दाबच मोजते. त्यावरून जो वेग निघतो तो हवेतला वेग, एअरस्पीड. खाली जमिनीवर सिन्नर गेलं का येवला आलं याच्याशी त्या नळीला काही देणंघेणं नाही. जमिनीच्या हिशोबाने विमान किती पुढे सरकलं तो वेगळा वेग, ग्राउंड स्पीड, आणि आपण किती वाजता पोचणार हे ठरतं ते या दुसऱ्या वेगावर. म्हणजे इंधन जाळायचं हवेसाठी आणि तिकीट काढायचं जमिनीसाठी, आणि सगळी गंमत या दोघांच्या मधे.

गोदावरीला पूर आलाय, नाशिकला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कमरेपर्यंत पाणी चढलंय, आणि अशा पाण्यात कोणी नाव घातली (घालू नये, पण गणितात चालतं) तर वल्ही मारणारा तेवढाच जोर लावत असला तरी प्रवाहाबरोबर जाताना काठावरच्या माणसाला नाव सुसाट पळताना दिसेल आणि उलट येताना जागच्या जागी डुगडुगताना. नावेचा पाण्यातला वेग दोन्ही वेळा तोच. विमानाचंही तेच, फक्त नदी हवेची, आणि ती सगळ्या बाजूंनी असल्यामुळे वाहतेय हे आतल्या माणसाला कळत नाही. वारा मागून ताशी दीडशेने येत असला तरी विमानाला मागून धक्का बसल्यासारखं काही वाटत नसतं. हवेचा अख्खा गठ्ठाच पुढे चाललेला असतो आणि विमान त्या गठ्ठ्यात नेहमीसारखं उडत असतं. धक्के बसतात ते वारा अचानक बदलला तर.

आता गणित. विमानाचा हवेतला वेग क्ष, वाऱ्याचा य. जाताना वारा पाठीशी, टेलविंड, म्हणजे जमिनीवरचा वेग क्ष + य. हा किती? ५४० किलोमीटर एका तासात, म्हणजे ५४०. येताना वारा तोंडावर, हेडविंड, क्ष − य. एक तास बारा मिनिटं म्हणजे १.२ तास (१.१२ नव्हे, ही दुसरी लाडकी चूक), ५४० भागिले १.२ म्हणजे ४५०. दोन समीकरणं झाली, क्ष + य = ५४० आणि क्ष − य = ४५०. बेरीज करा, २क्ष = ९९०, क्ष = ४९५. वजा करा, २य = ९०, य = ४५. विमान ताशी ४९५ किलोमीटर, वारा ताशी ४५. एटीआरसारखं पंखेवालं छोटं विमान साधारण याच वेगाने उडतं, त्यामुळे आकडे अगदीच हवेतले नाहीत.

आता बघा, ४९५ आलं, ४९१ नाही. का?

कारण वारा बेरीज-वजाबाकी करतो ती वेगात. वेगात ४५ मिळवले, वेगातून ४५ वजा केले, म्हणून मधला वेग दोन्ही वेगांच्या बरोबर मधोमध बसतो. वेळेत तसं होत नाही. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, आणि भागाकारात समान वजाबाकीचा परिणाम समान राहत नाही. वेग ४५ ने वाढला तेव्हा वेळ ६५ मिनिटं २७ सेकंदांवरून ६० वर आली, साडेपाच मिनिटं वाचली. वेग ४५ ने घटला तेव्हा वेळ ७२ वर गेली, साडेसहा मिनिटं वाया. वारा तेवढाच, पण घेताना जास्त घेतो आणि देताना कमी देतो. त्यामुळे वाऱ्याशिवायची वेळ ६० आणि ७२ च्या मधोमध असूच शकत नाही, ती ६० च्या बाजूला सरकलेली असते.

इथे स्पर्धा परीक्षावाली पोरं हमखास विचारतात की मग त्या सरासरी वेगाच्या गणितात, जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० तर सरासरी ४८, ५० नाही, असं शिकवतात त्याचं काय, तिथे सरळ सरासरी चूक आणि इथे बरोबर कशी? प्रश्न एकदम रास्त आहे. तिथे विचारलेलं असतं की सगळा प्रवास मिळून सरासरी वेग किती, म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. आपल्या विमानाचा तो काढा, १०८० भागिले २.२ तास, आला ४९०.९. अरे, हे तर वरचं चुकलेलं उत्तर! म्हणजे वेळांची सरासरी घेणाऱ्याने गणित बरोबर केलं होतं, फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरं, आणि प्रश्न नीट न वाचता सूत्र फेकलं की मार्क जातात. अभ्यासिकेत बसून शंभर सूत्रं पाठ करण्यापेक्षा हा फरक एकदा कागदावर करून बघितलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते जी ऐकायला विचित्र वाटते. वारा दोन्ही वेळा सारखाच असेल तर जाऊन-येऊन प्रवास वारा नसण्यापेक्षा नेहमी जास्त वेळ घेतो. लोकांना वाटतं जाताना मदत झाली, येताना अडथळा झाला, फिटंफाट. फिटत नाही. कारण मदत ६० मिनिटंच मिळाली आणि अडथळा ७२ मिनिटं सोसला, तोंडावरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून पडतो. आपल्या उदाहरणात तोटा फक्त एका मिनिटाच्या आसपास आहे, १३०.९ च्या जागी १३२. पण वारा वाढला की तोटा झपाट्याने वाढतो. वाऱ्याचा वेग विमानाच्या निम्मा झाला तर एकूण वेळ सव्वापटीच्याही पुढे, एक पूर्णांक एक तृतीयांश पट. आणि वारा विमानाइतकाच झाला तर? जाताना डबल स्पीडने जाल, परत कधीच येणार नाही, हवेत जागच्या जागी. छोट्या हलक्या विमानांच्या बाबतीत ही निव्वळ थिअरी नाही, जोरदार वाऱ्यात ती जमिनीवरून बघणाऱ्याला जवळजवळ थांबलेली दिसू शकतात.

परीक्षेत कधीकधी दोन्ही वेळा देतच नाहीत, फक्त फरक देतात. उदाहरणार्थ अंतर १२०० किलोमीटर, वारा ताशी ५०, येताना जाण्यापेक्षा एक तास जास्त लागला, विमानाचा वेग काढा. मांडणी तीच, १२०० भागिले (क्ष − ५०) वजा १२०० भागिले (क्ष + ५०) बरोबर १. छेद समान केला की वर १,२०,००० उरतात, खाली क्ष वर्ग वजा २५००, म्हणजे क्ष वर्ग = १,२२,५००, क्ष = ३५०. वर्गसमीकरण म्हटलं की पोरं घाबरतात पण इथे मधलं पद नसतंच, नुसतं वर्गमूळ काढायचं. ताळा करून बघा, ३०० ने चार तास, ४०० ने तीन तास, फरक एक. उणे ३५० पण येतं, ते सोडून द्या.

आतापर्यंत वारा एकतर पाठीवर नाहीतर तोंडावर. खऱ्या आकाशात इतकी सोय कुठे. दिल्ली-नाशिक घ्या. दिल्ली आपल्या जवळजवळ उत्तरेला, जरा पूर्वेकडे झुकलेली, अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. हिवाळ्यात उत्तर भारतावर वरच्या थरात पश्चिमेचा जोरदार वारा असतो, म्हणजे दक्षिणेकडे येणाऱ्या विमानाला तो कडेने लागतो, क्रॉसविंड. पायलटने नाक सरळ नाशिककडे ठेवलं तर विमान वाहवत पूर्वेला जाईल, तासाभरात कुठल्या कुठे. म्हणून नाक थोडं वाऱ्याच्या दिशेला, इथे उजवीकडे, वळवून ठेवावं लागतं आणि विमान खेकड्यासारखं तिरकं उडत सरळ रेषेत येतं. आतल्याला हे अजिबात जाणवत नाही.

याचा वेळेवर परिणाम काढायला पायथागोरस पुरतो. विमानाचा हवेतला वेग ८५०, बरोब्बर कडेचा वारा १५० असं सोपं करून धरलं तर ८५० हा कर्ण, १५० ही एक बाजू, उरलेली बाजू म्हणजे नाशिकच्या दिशेचा वेग, ८५० चा वर्ग वजा १५० चा वर्ग, सात लाख, वर्गमूळ साधारण ८३७. हजार किलोमीटरला जेमतेम एक मिनिट जादा. नाक वळवायचा कोन दहा अंशांच्या आसपास. म्हणजे तोच १५० चा वारा तोंडावर असता तर वेगातले दीडशे खाल्ले असते, कडेने असल्यावर फक्त तेरा. पण शून्य नाही हे लक्षात घ्या. कडेचा वारा जाताना पण खातो आणि येताना पण खातो, तो कोणाचाच मित्र नाही.

जाता जाता सांगतो, हीच दोन गणितं, वाऱ्याच्या रेषेत जाऊन-येऊन आणि वाऱ्याला काटकोनात जाऊन-येऊन, १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी प्रकाशाला लावली होती. तेव्हा प्रकाश ईथर नावाच्या माध्यमातून जातो असं मानत, आणि पृथ्वी त्यातून धावतेय तर ईथरचा वारा लागणारच, मग दोन दिशांच्या वेळेत फरक पडायला हवा. अपेक्षेइतका फरक काही सापडला नाही, आणि पुढे आइनस्टाइनपर्यंत गोष्ट गेली. नावेच्या गणिताला कमी लेखू नका.

आता मोठे आकडे. मुंबई-कोलकाता साधारण १६५० किलोमीटर, जेट विमान ८५० चं, हिवाळ्यातला वारा वाटेच्या रेषेत १५० धरला तर जाताना हजारच्या वेगाने ९९ मिनिटं, येताना ७०० च्या वेगाने १४१ मिनिटं. पाऊण तासाला थोडाच कमी फरक, आणि विमान तेच. कोलकात्याहून मुंबईला येणाऱ्या फ्लाइटची वेळ टाइमटेबलमध्येच जास्त का छापलेली असते ते यातून कळतं, कंपन्यांना वारा आधीच धरून चालावं लागतं. हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम, साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवरून वाहणारा अरुंद, वेगवान पट्टा. हिवाळ्यात तो उत्तर भारतावर असतो, मान्सून आला की हिमालयाच्या पलीकडे सरकतो आणि त्याऐवजी दक्षिण भारतावर खूप उंच उलट दिशेचा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोत तयार होतो. या पूर्वेच्या झोतावरचा महत्त्वाचा शोधनिबंध आपल्याच हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांचा, १९५८ चा. आणि त्याच्याही आधी १९२० च्या दशकात जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून वरचा वेगवान वारा मोजला होता, पण निबंध लिहिला एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत, मग वाचणार कोण? दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकन बॉम्बर विमानांना तो वारा लागला तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले.

वाऱ्याच्या हिशोबाचा माझा सगळ्यात आवडता किस्सा एअर इंडियाचा आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट आधी अटलांटिकवरून जायची, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती पॅसिफिकवरून नेली, अंतर १५,३००, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि तरी साडेचौदा तासांत पोचली, आधीपेक्षा साधारण दोन तास लवकर! भागून बघा, सरासरी हजारच्या वर वेग पडतो. अटलांटिककडे वारा तोंडावर आणि पॅसिफिककडे पाठीवर, एवढंच कारण. परत येताना मात्र अटलांटिकवरूनच, कारण तेव्हा तीच पूर्वेची दिशा, म्हणजे जाताना पूर्वेला आणि येतानाही पूर्वेला, अख्खी पृथ्वीप्रदक्षिणाच. लांबचा रस्ता लवकर पोचवतो हे रस्त्यावर ट्रॅफिकमुळे होतं, वर वाऱ्यामुळे.

१८ फेब्रुवारी २०१९ ला व्हर्जिन अटलांटिकच्या लॉस एंजेलिस-लंडन विमानाचा ग्राउंड स्पीड ताशी ८०१ मैल, म्हणजे जवळपास १२८९ किलोमीटर झाला होता. आवाजाचा वेग समुद्रसपाटीला साधारण १२२५. मग सुपरसॉनिक झालं का? नाही हो. आवाजाचा वेग ओलांडला की नाही हे हवेच्या तुलनेत ठरतं, आणि हवेत ते विमान नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. नदी जोरात होती, नाव तीच.

इथे एक शंका कायम येते, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते तर पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला नको का, खालची जमीन आपणहून समोर येतेय ना. नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. तसं नसतं तर नाशिकला बसल्या बसल्या आपल्याला ताशी दीड हजार किलोमीटरच्या वर वारा लागला असता आणि पतंग उडवायची सोयच राहिली नसती. आपण वारा म्हणतो तो त्या एकत्र फिरण्यापेक्षा हवा जितकी जास्त किंवा कमी सरकते तेवढाच.

तोंडावरचा वारा सगळीकडे वाईटच असंही नाही. टेकऑफला तो हवाच असतो. समजा विमानाला उडायला हवेत ताशी २७० चा वेग लागतो आणि समोरून ३० चा वारा येतोय, तर जमिनीवर २४० झाले की काम झालं. धाव लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि २४० भागिले २७० म्हणजे आठ नवमांश, त्याचा वर्ग ०.७९, म्हणजे फक्त दहा-अकरा टक्के वाऱ्यामुळे धाव पाचव्या हिश्शाने कमी. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, तिच्या टोकांवरचे ०९ आणि २७ हे आकडे म्हणजे ९० आणि २७० अंश, होकायंत्रातली दिशा. पश्चिमेचा वारा असला की पश्चिमेकडे तोंड करून उडायचं, पूर्वेचा असला की उलट. उतरतानाही वाऱ्याकडे तोंड करूनच.

हे सगळं स्वतः तपासायचं असेल तर मोबाइलवर विमानं दाखवणारं एखादं अ‍ॅप उघडा आणि नाशिकच्या आसपासचं आकाश बघा. त्यात दिसणारा वेग ग्राउंड स्पीड असतो, बहुतेक वेळा नॉटमध्ये, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. एकाच प्रकारची दोन जेट विमानं शोधा, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला जाणारं. उंचीत हजार फुटांचा फरक सापडेल, कारण पूर्वेकडे जाणारे विषम हजारांवर उडतात आणि पश्चिमेकडे जाणारे सम हजारांवर, तेवढा फरक चालतो. समजा एकाचा वेग ५२० नॉट आणि दुसऱ्याचा ४२०. बेरजेचं निम्मं ४७०, तो विमानांचा हवेतला वेग, फरकाचं निम्मं ५०, तो वाटेच्या रेषेतला वारा. फक्त मुंबईला उतरणारी विमानं घेऊ नका, ती आपल्या डोक्यावर येईपर्यंत बहुतेकदा खाली यायला लागलेली असतात आणि वेगही कमी करत असतात, मग सगळा हिशोब बोंबलतो. दिल्ली-बंगळुरूसारखी उत्तर-दक्षिण जाणारी घेतली तर वारा जवळजवळ शून्य निघेल, कारण तो कडेने लागतोय आणि बेरीज-वजाबाकीत दिसतच नाही.